नानांची वही आणि बडोद्याचं ग्रंथालय खातं

आमच्या ग्रंथालयात देवघेवीच्या टेबलाला दोन खण होते. वरच्यात शिक्का, शाईचं पॅड आणि पावतीपुस्तकं. खालच्यात नानांची वही. नाना आमचे निर्गम सहायक, सत्तावीस वर्षं त्याच टेबलावर बसले. एखाद्या वाचकाने मागितलेलं पुस्तक आपल्याकडे नसलं, की तो माणूस गेल्यावर नाना वही काढायचे, तारीख टाकायचे आणि त्याने काय मागितलं ते त्याच्याच शब्दांत लिहून ठेवायचे. ‘शेळ्यांच्या रोगांवरचं.’ ‘तलाठी भरतीचं, नवीन.’ ‘मुलीला पाळीबद्दल सांगता येईल असं काहीतरी.’ हे काम त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. ग्रंथनिवड समितीच्या बैठकीत ती वही कधी आली नाही, आणि मी तेव्हा सहायक ग्रंथपाल असूनही ती कधी मागितली नाही.

नाना निवृत्त झाले. पुढची वार्षिक तपासणी तोंडावर होती म्हणून आम्ही कपाटं आवरायला घेतली. दाखल नोंदवही, देवघेव नोंदवही, वर्गणी, अनामत, नियतकालिकांची नोंद, जे यादीत होतं ते कपाटात गेलं आणि जे यादीत नव्हतं ते रद्दीत. वही रद्दीत गेली हे मला तीन आठवड्यांनी कळलं. आमच्या तालुक्याला काय वाचायला हवं होतं याची अनेक वर्षांची नोंद त्या दिवशी गेली, आणि हे आठवलं की अजूनही जिवाला लागतं.

सार्वजनिक ग्रंथालयातल्या कर्मचाऱ्यांना नवं सुचत नाही, असं मी बैठकांमध्ये पुष्कळदा ऐकलं आहे. माझा अनुभव वेगळा आहे. टेबलावर बसणाऱ्याला रोज काहीतरी सुचतं, पण ते ठेवायला संस्थेत जागा नसते. ही जागा कशी तयार होते, हे समजून घ्यायला मी जे प्रकरण पुन्हा पुन्हा वाचते ते शंभर वर्षांपूर्वीचं आहे: बडोदे संस्थानाचं ग्रंथालय खातं. त्याची कथा बहुतेकदा ‘द्रष्ट्या राजाने ग्रंथालयं काढली’ एवढ्यातच संपते. राजा द्रष्टा होताच. पण त्याच्या खात्यात काम करणाऱ्या माणसांनी जे सुचवलं, जे उभं केलं आणि खात्याने ते कसं सामावून घेतलं, तो भाग आपण ग्रंथालयातल्या लोकांनी जास्त बारकाईने पाहायला हवा.

प्रश्न काय होता

मालेगावजवळच्या कवळाणे गावात १८६३ साली जन्मलेले सयाजीराव १८७५ मध्ये दत्तक येऊन बडोद्याच्या गादीवर बसले आणि १८८१ च्या डिसेंबरात त्यांना कारभाराचे पूर्ण अधिकार मिळाले. १८९३ मध्ये त्यांनी अमरेलीत सक्तीच्या मोफत शिक्षणाचा प्रयोग केला आणि १९०६ मध्ये तो संस्थानभर लागू केला. हिंदुस्थानात तोवर असं कुणी केलं नव्हतं. पण सक्ती लागू झाल्यावर एक अडचण दिसू लागली. चार इयत्ता शिकून पोर शेतावर गेलं, की काही वर्षांत अक्षरं विसरायचं, कारण गावात वाचायला काहीच नव्हतं. शाळेवर केलेला खर्च असा वाया जाणार होता. ग्रंथालयाचा विचार बडोद्यात शिक्षणाच्या पोटातून आला, हौसेतून किंवा शोभेसाठी आला नाही. त्यामुळे पहिल्यापासून ‘गावातल्या माणसाच्या हातात पुस्तक पोचलं का?’ हीच कसोटी राहिली.

अमेरिकेच्या दौऱ्यांत सयाजीरावांनी तिथली सार्वजनिक ग्रंथालयं पाहिली होती. १९१० मध्ये त्यांनी कनेक्टिकट राज्यातल्या न्यू हेवनच्या यंग मेन्स इन्स्टिट्यूटचे ग्रंथपाल विल्यम अॅलन्सन बोर्डन यांना बडोद्याला आणलं. बोर्डन हे बॉस्टनमध्ये चार्ल्स कटर यांच्या हाताखाली तयार झालेले, मेल्विल ड्यूईंच्या ग्रंथपालन शाळेत शिकवलेले गृहस्थ. १९१३ पर्यंत, म्हणजे जेमतेम तीन वर्षं ते इथे होते. तेवढ्या काळात राजवाड्यातल्या सुमारे वीस हजार पुस्तकांच्या पायावर मध्यवर्ती ग्रंथालय उभं राहिलं, गावांसाठी स्वतंत्र शाखा झाली, आणि १९११ मध्ये ग्रंथपालनाचा वर्ग सुरू झाला. आपल्या देशातला हा पहिला वर्ग.

बोर्डननी ड्यूई आणि कटर यांच्या पुस्तकं विषयवार लावण्याच्या पद्धती एकत्र करून बडोद्यासाठी वर्गीकरणही तयार केलं होतं. आज ते फक्त ग्रंथालयशास्त्राच्या इतिहासात उरलं आहे. माझ्या मते त्यांच्या तीन वर्षांतलं सर्वांत मोलाचं काम म्हणजे तो वर्ग. बाहेरून आणलेला तज्ज्ञ जाणार हे पहिल्या दिवसापासून ठरलेलं होतं. त्याने जायच्या आधी इथली माणसं तयार केली. बोर्डन गेल्यावर दुसरा परदेशी आणला गेला नाही. खात्याची सूत्रं जनार्दन सखाराम कुडाळकरांकडे आली, त्यांच्यानंतर न्यूटन मोहन दत्त आले, आणि काम थांबलं नाही.

मोतीभाई अमीन: ज्याची कल्पना, त्याच्याच हाती काम

बोर्डन येण्याच्या आधीच मध्य गुजरातच्या चरोतर भागात एक माणूस गावोगाव वाचनालयं काढत फिरत होता. मोतीभाई अमीन, जन्म १८७३, पेशाने शिक्षक. पेटलाद तालुका आणि आसपास त्यांनी ‘मित्रमंडळ’ नावाने वाचनाचं जाळं विणलं होतं. चार-दहा मित्रांनी थोडे पैसे काढायचे, वर्तमानपत्रं आणि पुस्तकं मागवायची आणि ती सगळ्या गावाला खुली ठेवायची. त्याला ना इमारत लागायची, ना हुकूम. पाटीदार शेतकऱ्यांच्या त्या गावांमध्ये हे रुजलं, कारण मागणी गावाचीच होती.

सरकारी खातं नव्याने निघतं तेव्हा अशा माणसाचं काय होतं, हे आपण सगळे जाणतो. त्याचं कौतुक होतं, उद्घाटनाला त्याला व्यासपीठावर बसवतात आणि काम दुसऱ्यांकडे जातं. बडोद्यात अमीनांना खात्यात घेतलं आणि गावोगावच्या ग्रंथालयांचंच काम त्यांना दिलं. पुढे ते सहायक क्युरेटर, म्हणजे खात्याच्या प्रमुखाचे सहायक झाले. त्यांची पद्धत खात्याने आपलीशी केली. गावाने आधी स्वतःचा हिस्सा जमवायचा, मग तेवढीच रक्कम प्रांत पंचायतीने घालायची आणि तेवढीच सरकारने. खेड्याची वार्षिक मर्यादा १०० रुपये होती, म्हणजे गावाने शंभर जमवले तर हाती तीनशे यायचे. मोठ्या गावांना ३०० पर्यंत आणि प्रांताच्या मुख्य शहरांना ७०० पर्यंत हिस्सा काढता यायचा. इमारतीलाही हाच एक-तृतीयांशाचा हिशोब.

वरवर पाहता हा अनुदानाचा नियम आहे. पण ग्रंथालय चालवणाऱ्या माणसाच्या जागी बसून पाहिलं की त्याचा दुसरा अर्थ कळतो. पैसे आधी गावाने काढायचे म्हटल्यावर गावाला ग्रंथालय का हवं, हे गावातल्या कुणालातरी उठून सांगावं लागतं, आणि ते सांगणारा माणूस पुढे त्या ग्रंथालयाचा राखणदार होतो. १९२० च्या दशकाच्या अखेरीस या नियमाच्या जोरावर संस्थानात चाळीसहून जास्त शहरी ग्रंथालयं आणि सहाशेच्या वर ग्रामग्रंथालयं चालू होती. संस्थानाची लोकसंख्या वीस-बावीस लाखांची, हे लक्षात घेतलं तर आकडा किती मोठा आहे ते कळतं.

अमीनांना खात्याच्या चौकटीत राहूनही खात्याबाहेरचं सुचत राहिलं, याचा मला विशेष आदर वाटतो. गावच्या ग्रंथालयाला कपाट घ्यायचं तर सुतार वेगळा, पुस्तकं घ्यायची तर विक्रेता वेगळा, नोंदवह्या आणि कार्डं मिळायची मारामार. यावर त्यांनी ग्रंथालयांचीच सहकारी मंडळी उभी केली, पुस्तकालय साहायक सहकारी मंडळ. सामान एकत्र खरेदी करायचं, ग्रंथालयांना पुरवायचं आणि ‘पुस्तकालय’ हे गुजराती मासिक चालवायचं, अशी त्याची रचना होती. खात्यातला अधिकारी खात्यावर अवलंबून न राहणारी यंत्रणा उभारतो आणि खातं त्याच्या आड येत नाही. असा विश्वास कुठल्या परिपत्रकाने देता येत नाही.

पेटी

बडोदे संस्थानाचा नकाशा पाहिला तर तो एकसंध दिसतच नाही. बडोदे, कडी, नवसारी आणि अमरेली हे प्रांत गुजरात-काठेवाडात विखुरलेले, मध्ये ब्रिटिशांचा किंवा दुसऱ्या संस्थानांचा मुलूख. ओखामंडळ तर पार द्वारकेच्या टोकाला. एवढ्या तुकड्यांना एका मध्यवर्ती इमारतीतून पुस्तकं कशी द्यायची, याचं उत्तर फिरत्या ग्रंथालयाच्या लाकडी पेट्यांनी दिलं. पेटीत निवडक पुस्तकं भरायची, कुलूप लावायचं, रेल्वेने किंवा गाडीने गावी पाठवायची. गावाने वाचून झाली की परत यायची आणि दुसरी जायची. वाचकाला खर्च काही नाही, वाहतूक खात्याची.

पेटीची कल्पना अमेरिकेतली. बोर्डनना ती ठाऊक होती. बडोद्याच्या कर्मचाऱ्यांनी तिच्यात काय घातलं ते पाहण्यासारखं आहे. गावांसाठीच्या शाखेत दृश्य शिक्षणाचा एक विभाग निघाला. ज्यांना वाचताच येत नाही त्यांच्यासाठी ग्रंथालयाने काय करायचं, हा प्रश्न ग्रंथपालांनी आपला मानला. मॅजिक लँटर्नच्या काचा, दोन डोळ्यांनी पाहायचे स्टीरिओस्कोप आणि पुढे सिनेमाचं यंत्र घेऊन खात्याची माणसं गावांत जाऊ लागली. रात्री चावडीपुढे पडदा लागायचा. आज आपण ग्रंथालयातल्या उपक्रमांची चर्चा करतो तेव्हा ‘हे ग्रंथालयाचं काम आहे का?’ हा आक्षेप पहिला येतो. बडोद्यात १९१० च्या दशकात या आक्षेपाचं उत्तर झालेलं होतं.

पेटी पाठवणं म्हणजे काही पुस्तकं फाटणार, काही परत येणार नाहीत, हे धरूनच चालणं. खात्याने ती जोखीम स्वतःकडे घेतली होती. माझ्या दृष्टीने या संपूर्ण प्रकरणातली ही सर्वांत महत्त्वाची गोष्ट आहे. का, ते पुढे सांगते.

क्लब आणि त्रैमासिक

ग्रंथालयातल्या कर्मचाऱ्यांनी एकत्र येऊन बडोदा लायब्ररी क्लब स्थापन केला होता. त्या क्लबतर्फे १९१२ पासून ‘लायब्ररी मिसेलनी’ हे त्रैमासिक निघालं. इंग्रजी, गुजराती आणि मराठी अशा तीन भाषांत. ग्रंथालय या विषयाला वाहिलेलं आपल्या देशातलं हे पहिलं नियतकालिक आणि त्यात मराठी पहिल्यापासून होती, हे आपल्याकडे फार थोड्यांना माहीत आहे.

तीन भाषांचं कारण सरळ होतं. दरबार आणि कचेरीत मराठी माणसं बरीच, गावोगावचे वाचनालयवाले गुजराती, आणि बाहेरच्या प्रांतांतल्या ग्रंथपालांशी बोलायचं तर इंग्रजी. एका शहरातल्या कर्मचाऱ्याने केलेला प्रयोग दुसऱ्या टोकाच्या खेड्यातल्या माणसाला त्याच्या भाषेत वाचायला मिळाला तरच तो पसरतो. हे त्रैमासिक काही वर्षांनी बंद पडलं. पण तोवर बडोद्याची कीर्ती बाहेर गेली होती. १४ नोव्हेंबर १९१९ रोजी मद्रासला पहिली अखिल भारतीय सार्वजनिक ग्रंथालय परिषद भरली, तेव्हा अध्यक्षस्थानी कुडाळकर होते. त्याच वर्षी त्यांनी बडोद्याच्या चळवळीची सगळी हकिकत इंग्रजीत पुस्तकरूपाने मांडली. आपण दरवर्षी १४ नोव्हेंबरपासून ग्रंथालय सप्ताह साजरा करतो तो याच परिषदेच्या स्मरणार्थ. सप्ताहाच्या बॅनरवर मात्र मी कुडाळकरांचं नाव कुठे पाहिलं नाही.

चिमणलाल दलाल आणि पाटणचे भांडार

आता ज्या माणसासाठी मी हे प्रकरण लिहायला घेतलं त्याच्याकडे येते.

चिमणलाल डाह्याभाई दलाल मध्यवर्ती ग्रंथालयाच्या संस्कृत शाखेचे ग्रंथपाल होते. संस्थानातल्या कडी प्रांतात पाटण हे गाव, जुनं अणहिलवाड, सोळंकी राजांची राजधानी. जैन आचार्य हेमचंद्राची कर्मभूमी. तिथल्या जैन भांडारांमध्ये, म्हणजे हस्तलिखितांच्या संग्रहांमध्ये, आठशे-नऊशे वर्षांपूर्वीच्या पोथ्या कुलुपात होत्या. विश्वस्त त्या सहजी कुणाला दाखवत नसत, आणि परकीय आक्रमणं पाहिलेल्या जैन संघाची ती काळजी समजण्यासारखी आहे. ब्यूलर, पीटरसन आणि आपले रा. गो. भांडारकर यांच्यासारखे मोठे विद्वान आधी तिथे जाऊन आले होते, पण भांडारं पूर्ण पाहून झाली नव्हती.

१९१४ मध्ये दलालांना या कामासाठी पाटणला पाठवलं गेलं. काम कसलं होतं याची कल्पना यावी म्हणून सांगते. ताडपत्राची पोथी हाती घ्यायची तर आधी कापडी बासन सोडायचं, मग वरखालच्या लाकडी पाट्या, मग भोकातून ओवलेली दोरी. पानं हातभर लांब आणि चार बोटं रुंद, कडेला कुरतडलेली, चुकून वाकलं तर मोडणारी. एकेक पान उलटून सुरुवात कुठे, शेवट कुठे, कर्ता कोण, कुणी कुणासाठी नक्कल केली ते वाचायचं आणि टिपायचं. असं एका भांडारात, मग दुसऱ्यात.

दलालांचा अहवाल पाहिल्यावर सरकारच्या लक्षात आलं, की नुसती यादी करून भागणार नाही. दुर्मीळ ग्रंथ छापायला हवेत. १९१५ मध्ये गायकवाड प्राच्यविद्या मालेची मुहूर्तमेढ रोवली गेली आणि १९१६ मध्ये तिचं पहिलं पुष्प बाहेर आलं: राजशेखराची काव्यमीमांसा. संपादक सी. डी. दलाल आणि आर. अनंतकृष्ण शास्त्री. संस्कृत काव्यशास्त्राच्या अभ्यासकांना हा ग्रंथ पहिल्यांदा छापील रूपात हाती आला. राजशेखराच्या पणजोबांना ‘महाराष्ट्रचूडामणि’ म्हणत, तेव्हा आपल्याच घरचा एक ग्रंथ पाटणच्या जैन संघाने सांभाळला आणि बडोद्याच्या ग्रंथपालाने उजेडात आणला, असं म्हणायला हरकत नाही. पुढे मालेचे शंभराहून जास्त ग्रंथ निघाले. संस्कृत शाखेतल्या हस्तलिखितांचा पसारा इतका वाढला की १९२७ मध्ये त्यासाठी स्वतंत्र प्राच्यविद्या मंदिर झालं.

एका शाखेच्या ग्रंथपालाच्या अहवालातून ग्रंथमाला, ग्रंथमालेतून संस्था. ही साखळी सुरू होते ती ‘जाऊन पाहून ये, आणि जे दिसेल ते लिही’ या मोकळिकीतून. देवघेवीचं टेबल सोडून एक कर्मचारी कित्येक दिवस बाहेर राहणार होता, आणि हाती काय लागेल याची खात्री कुणालाच नव्हती.

हे का जमलं, आणि कुठे कमी पडलं

राजाचा पाठिंबा हे पहिलं कारण, ते नाकारण्यात अर्थ नाही. बडोद्याला ग्रंथालय कायदा नव्हता, सगळं हुकमावर चालायचं. कोल्हापूर संस्थानाने १९४५ मध्ये कायदा केला तसा बडोद्याने केला नाही. त्यामुळे खात्याला मिळालेली मोकळीक एका व्यक्तीच्या इच्छेवर उभी होती. सयाजीराव १९३९ मध्ये गेले. अमीनही त्याच वर्षी गेले. १९४९ मध्ये संस्थान मुंबई राज्यात विलीन झालं आणि स्वतंत्र खातं म्हणून जो जिवंतपणा होता तो मोठ्या यंत्रणेत विरला.

दुसरी उणीव मला अनुदानाच्या त्या सुंदर नियमातच दिसते. गावाने आधी हिस्सा काढायचा म्हटलं की ज्या गावात चार पैसे आहेत ते पुढे जातं. चरोतरच्या तंबाखू पिकवणाऱ्या गावाला जे सहज जमणार, ते नवसारी प्रांताच्या डोंगराळ आदिवासी भागाला कसं जमावं? पेट्यांनी ही दरी थोडीफार भरली असेल, पण पेटी फिरती असते, ग्रंथालय गावात राहतं. आज कुणी हा नियम उचलणार असेल तर गरीब गावाचा हिस्सा कमी धरण्याची तरतूद पहिल्या ओळीत हवी.

पण राजा पाठीशी असलेली खाती पुष्कळ होती. त्या सगळ्यांतून अमीन आणि दलाल निघाले नाहीत. म्हणून जोखीम कुणाची, या मुद्द्याकडे परत येते.

महाराष्ट्रात १९६७ चा सार्वजनिक ग्रंथालय कायदा आहे आणि त्याच्या आधारे हजारो ग्रंथालयं अनुदानावर चालतात. एवढं जाळं देशात फार थोड्या राज्यांत आहे आणि मला त्याचा अभिमान आहे. ही ग्रंथालयं अ, ब, क, ड अशा वर्गांत बसतात ती ग्रंथसंख्या, सभासदसंख्या, नियतकालिकं, कामाचे तास अशा मोजता येणाऱ्या गोष्टींवर. तपासणी नोंदवह्यांची होते. साठा पडताळणीत पुस्तक कमी निघालं तर विचारणा ग्रंथपालाला. अनुदानाचा निम्मा भाग वेतनाला आणि उरलेला ग्रंथखरेदी व इतर खर्चाला जातो. ‘करून पाहू’ असं काही करायला यात ओळ नाही.

आमच्याकडे एका सहकारी बाईंनी सुचवलं होतं, की बचत गटाच्या बायकांना ग्रंथालयाच्या वेळेत येता येत नाही, तर वीस पुस्तकं पिशवीत घालून गटाच्या बैठकीला नेऊ. कल्पना कुणालाच वाईट वाटली नाही. कार्यवाहांनी एवढंच विचारलं, “ताई, एखादं हरवलं तर कुणाच्या पगारातून?” त्या बाईंचा पगार महिन्याला किती होता हे खोलीतल्या सगळ्यांना माहीत होतं. पुढे कुणी काही बोललं नाही. कार्यवाहांना मी दोष देत नाही. त्यांच्याही डोळ्यांपुढे तपासणीच होती.

नाशिकच्या कुसुमाग्रज प्रतिष्ठानाने २००९ मध्ये ‘ग्रंथ तुमच्या दारी’ सुरू केलं, शंभर पुस्तकांची पेटी वाचकांच्या गटाकडे द्यायची आणि गटागटांत फिरवायची. पेट्या महाराष्ट्राबाहेर आणि परदेशातल्या मराठी माणसांपर्यंतही पोचल्या. लोकांच्या देणग्यांतून हे उभं राहिलं. मला त्याचा आनंद आहे, आणि त्याच वेळी मनात येतं, की ही पेटी अनुदानित ग्रंथालयातल्या एखाद्या निर्गम सहायकाच्या हातून का निघाली नाही? त्याला सुचली नसेल असं मला वाटत नाही.

बडोद्यात सुचवणाऱ्याला विचारलं जाणारं पहिलं वाक्य ‘हरवलं तर?’ हे नव्हतं. नुकसान खात्याचं, काम माणसाचं. आपल्या ग्रंथालयांना आजच्या नियमांतही हे थोडंफार करता येतं. संचालक मंडळाने वर्षाला एक लहान रक्कम, अगदी पाच हजार का होईना, वर्गणीच्या स्वतःच्या उत्पन्नातून बाजूला काढायची आणि ठराव करायचा, की बाहेर नेलेल्या पुस्तकांची तूट यातून भरली जाईल. ठराव इतिवृत्तात आला की कर्मचाऱ्याच्या मनावरचं ओझं उतरतं. आम्ही गेल्या वर्षी हा ठराव केला. पिशवी सुरू झाली. आजपर्यंत दोन पुस्तकं परत आली नाहीत, आणि त्याबद्दल कुणाचाही पगार कापला गेला नाही.

मांडवीतली काच

मी बडोद्याला मध्यवर्ती ग्रंथालय पाहायला गेले होते. मांडवीजवळची आजची इमारत १९३१ ची. आत अमेरिकेतल्या स्नीड कंपनीचे पोलादी रॅक मजल्यावर मजला असे उभे आहेत आणि त्या मजल्यांच्या जमिनी जाड काचेच्या आहेत. वरचा उजेड खालच्या पुस्तकांपर्यंत यावा म्हणून. खाली उभं राहून मान वर केली की वरच्या मजल्यावरून चालणाऱ्या माणसाच्या तळव्यांच्या सावल्या दिसतात. मी बराच वेळ तिथे उभी होते. ज्या कामासाठी बडोद्याचं नाव झालं ते बहुतेक सगळं या इमारतीच्या आधीचं आहे. वर्ग, पेट्या, क्लब, त्रैमासिक, पाटण, सगळं. इमारत सगळ्यांत शेवटी आली.

दलाल १९१८ मध्ये गेले. पाटणच्या पोथ्यांवरच्या त्यांच्या टिपणांची सूची छापायची राहून गेली होती. ती टिपणं खात्याने, आणि मग प्राच्यविद्या मंदिराने, जपून ठेवली. पंडित लालचंद्र भगवानदास गांधी यांनी त्यांवर काम केलं आणि १९३७ मध्ये पाटणच्या भांडारांतल्या हस्तलिखितांची वर्णनात्मक सूची प्रसिद्ध झाली. दलालांना जाऊन एकोणीस वर्षं झाली होती.

हे वाचलं त्या संध्याकाळी मी नानांना फोन केला. त्यांना वहीचं काय झालं ते मी पहिल्यांदाच सांगितलं. ते थोडा वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, “जाऊ दे ताई. नवीन घाला.” मी विचारलं, “रकाने कोणते होते हो, नाना?”

“तारीख. काय मागितलं ते. आपल्याकडे आलं का, आलं तर कधी. आणि हे बघा, मागणाऱ्याचं नाव लिहायचं नाही. पाळीचं पुस्तक मागायला आलेली बाई नाव लिहिताना दिसलं तर पुन्हा यायची नाही.”

तसे रकाने आखले. तपासणीत दाखवायच्या नोंदवह्यांची आमची यादी टंकलिखित आहे. तिच्या शेवटी पेनाने एक क्रमांक वाढवला आणि पुढे लिहिलं: मागणी नोंदवही. पहिली नोंद एका दहावीच्या मुलाची आहे. त्याला विहिरींबद्दल पुस्तक हवं होतं, जुन्या, दगडी बांधणीच्या. ते अजून आलेलं नाही. तिसरा रकाना रिकामा आहे.